‘फक्त नाव बदला’ म्हणणाऱ्यास खुले पत्र

तयार अर्ज विकणारे ‘मेंटॉर’ यांस,

सप्रेम नमस्कार लिहावा असं आपल्यात काही नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुम्ही कायद्याच्या विद्यार्थ्यांना कॉर्पोरेट फर्ममधल्या इंटर्नशिपचे अर्ज विकता. टेलिग्रामवर तुमचा ग्रुप आहे, इन्स्टाग्रामवर रील आहेत आणि प्रत्येक रीलच्या शेवटी एकच आरोळी आहे: ‘फॉरमॅट तयार आहे, फक्त नाव बदला.’ कव्हर लेटर, सीव्ही, मुलाखतीतली उत्तरं, कंपनी कायदाच का आवडतो याचं गहिवरून सांगायचं कारण, सगळं एका फोल्डरमध्ये. पैसे आधी, फोल्डर नंतर. तुम्ही स्वतः कोणत्या फर्ममध्ये होतात, कुठल्या व्यवहाराचा करार लिहिलात, याचा तुमच्या प्रोफाइलवर पत्ता नाही. ‘मेंटॉर’ हा शब्द तेवढा ठळक आहे.

मी मुंबईत फोर्टमधल्या एका फर्ममध्ये वकिली करते. कंपन्यांचे करार, कर्जाचे दस्तऐवज, भागीदारांची भांडणं हे आमचं रोजचं काम. इंटर्नशिपसाठी आलेले अर्ज आधी माझ्याकडे येतात, त्यामुळे तुमचा माल मला चांगलाच ओळखीचा झाला आहे. तुम्ही तो विकून मोकळे होता. पुढे त्याचं काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी सांगते.

मेल उघडतो. पहिलीच ओळ ‘डिअर सर’. माझं नाव मेलच्या पत्त्यातच आहे, पण तुमच्या नमुन्यात बाई बसलेली नाही. मग ‘आय ॲम रायटिंग टू एक्स्प्रेस माय कीन इंटरेस्ट इन युवर एस्टीम्ड फर्म’. फर्मचं नाव येतं तिथं फॉन्ट बदलतो: आधीचा मजकूर कॅलिब्रीत, नाव टाइम्स न्यू रोमनमध्ये, आणि नावामागे फिकट राखाडी पट्टी, वेबसाइटवरून उचलताना सोबत आलेली. काही अर्जांत चौकटी कंसातलं ‘इन्सर्ट फर्म नेम’ तसंच राहिलेलं असतं. काहींत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भलत्याच फर्मचं नाव असतं. विद्यार्थ्याला भरायला तुम्ही एकच जागा रिकामी ठेवलीत, आणि बाकीच्या पानाशी त्याचा काही संबंधच नसल्यामुळे तो तीही जागा धड भरत नाही.

दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य येतं: लहानपणापासून मला कंपन्यांच्या विलीनीकरणाची ओढ होती. नांदेडच्या मुलाच्या अर्जात ते असतं, पणजीच्या मुलीच्या अर्जात असतं, अमरावतीच्या मुलाच्या अर्जातही शब्दशः तेच असतं. शाळकरी पोरांना विलीनीकरणाची ओढ लागते, हे तुम्ही बिनदिक्कत खपवलंत. वाचणाऱ्याला ते पटत नाही. तो अर्ज मिटतो आणि पुढचा उघडतो. तुमच्या गिऱ्हाइकाचा निकाल एवढ्या वेळात लागलेला असतो.

यात मारला कोण जातो, ते नीट ऐका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, निदान जुन्या आणि नावाजलेल्या विद्यापीठांत, मोठ्या फर्म भरतीसाठी स्वतः जातात. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांची वकिली आहे, त्यांच्यासाठी काकांचा एक फोन पुरतो. उरतो तो लातूरचा, रत्नागिरीचा, चंद्रपूरचा मुलगा. त्याच्या कॉलेजात कुठली फर्म येत नाही आणि त्याच्या ओळखीत कुणी सॉलिसिटर नाही. त्याच्याजवळ एक पान असतं. आपण कोण, काय पाहिलंय, काय येतं, हे त्या एका पानावर सांगायची त्याला एकदाच संधी मिळते. तुम्ही ते पान त्याच्या हातून काढून घेता, त्यावर दुसऱ्याचा मजकूर छापता आणि वर त्याच्याकडूनच पैसे घेता. ओळखी असलेल्या मुलांना तुमचा धंदा फारसा बाधत नाही. ज्याला आधार नाही, त्याच्याच पोटावर तुम्ही पाय देता.

त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटत असेल. तुमचा सगळा धंदा याच समजुतीवर चाललाय, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

इचलकरंजीच्या एका मुलाचा अर्ज आला होता. मजकूर तुमचा. विलीनीकरणाची ओढ होतीच. सीव्हीच्या अगदी तळाशी, वैयक्तिक माहितीत, एक ओळ होती: वडील यंत्रमागधारक, मजुरीवर कापड विणतात. अख्ख्या अर्जात कामाची ओळ ती एकच, आणि तुमच्या नमुन्यानं ती रक्तगटाच्या शेजारी ढकललेली.

यंत्रमागधारकाच्या घरात वाढलेल्या मुलाला उधारी काय असते ते कुणी शिकवावं लागत नाही. कापड गेलं, मजुरीचं बिल गेलं, पैसे कधी येतील ते व्यापारी ठरवणार. आता यावर कायदा बघा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की लेखी करार असेल तर ठरल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. कलम १६ प्रमाणे थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्यानं १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३ब च्या पोटात आणखी एक तरतूद घातली: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत चुकवली नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध जायचं, तर २४ मार्च २०२० पासून किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटीवर नेलेली आहे. म्हणजे छोट्या मागवाल्याला तो दरवाजा जवळजवळ बंद, आणि २००६ च्या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाण्याचा मार्ग उघडा.

त्या मुलानं एवढंच लिहिलं असतं की ‘आमच्या घरी बिलाचे पैसे महिनोन् महिने अडकतात, म्हणून मी कलम १५ आणि १६ वाचलं, आणि कायदा असूनही छोटा उद्योजक तक्रार का करत नाही हे मला कळतं, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते’, तर मी त्याला त्याच दिवशी फोन केला असता. आमच्या अशिलांपैकी निम्म्यांचं दुखणं या एका वाक्यात आहे. हे वाक्य त्याच्याजवळ होतं. तुम्ही त्याला त्याऐवजी ‘एस्टीम्ड फर्म’ दिलंत.

अशी मुलं गावोगावी आहेत. सांगलीच्या ऊसवाल्याच्या मुलीला माहीत असतं की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, मिळायला हवी, आणि उशीर झाला तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १५ टक्के व्याज लागतं. ते व्याज मागायला कोण धजावतं, हेही तिला माहीत असतं. ज्या मुलानं तलाठ्याकडून सातबारा आणून ‘इतर हक्क’ या रकान्यातला सोसायटीचा बोजा वाचलाय, त्याला कंपनी कायद्यातला चार्ज समजावायला मला फार वेळ लागत नाही. कर्जासाठी कंपनीची मालमत्ता तारण दिली की ३० दिवसांत त्याची नोंद करायची असते, आणि ती नोंद आधी तपासल्याशिवाय दुसरी बँक पैसे सोडत नाही. जो मुलगा फेरफारच्या जुन्या नोंदी घडाघडा वाचतो, त्याची मुंबईतल्या रिअल इस्टेट टीमला किती गरज असते याची तुम्हाला कल्पनाच नाही. भिवंडीच्या गोदामाची जमीन घ्यायची तर तीस वर्षांची मालकी तपासावी लागते, आणि ते कागद मराठीत असतात.

ही सगळी शिदोरी असलेल्या मुलांना तुम्ही सांगता की हे गावाकडचं लपवा.

तुमच्या तयार उत्तरांकडे वळते. एका मुलीची मुलाखत मी घेतली. ती जळगाव जिल्ह्यातली. चालू घडामोडींतलं एखादं प्रकरण सांग म्हटल्यावर तिनं तुमचा परिच्छेद म्हणून दाखवला: सर्वोच्च न्यायालयानं भूषण पॉवर अँड स्टीलसाठीचा जेएसडब्ल्यू स्टीलचा आराखडा फेटाळला आणि कंपनी अवसायनात काढायला सांगितलं, यावरून दिवाळखोरी संहितेतली शिस्त दिसते वगैरे. तो निकाल २ मे २०२५ चा. मी विचारलं, मग पुढे काय झालं? ती गप्प. पुढे असं झालं होतं की ३१ जुलैला न्यायालयानं तो निकाल मागे घेतला, प्रकरण नव्यानं ऐकलं आणि २६ सप्टेंबरला आराखडा कायम केला. तुम्ही मे महिन्यात लिहिलेला परिच्छेद वर्षअखेरही विकत होतात. ती पोर तोंडावर पडली, आणि तुम्ही तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजत होतात.

मी विषय बदलला. घरी कोण काय करतं विचारलं. वडील पतसंस्थेत वसुलीला आहेत म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. कर्ज थकलं की आधी कर्जदाराला नोटीस, मग जामीनदाराला. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला कसा मागतात. दाखला मिळाल्यावरही जप्तीला गेलं की तीच मालमत्ता आधीच दुसऱ्या संस्थेकडे गहाण निघते, आणि मग पहिला हक्क कुणाचा यावर भांडण. कोऱ्या कागदावर तिनं दोन संस्था, एक घर आणि दोन तारखा काढून मला समजावलं. बँकिंग टीममधल्या इंटर्नला नेमकं हेच समजावं लागतं. तिच्या अर्जात यातला एक शब्द नव्हता. मी विचारलं नसतं तर ती मुलगी रिकाम्या हातानं परत गेली असती, आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून बसली असती. तुमच्यामुळे असं समजून बसलेली किती मुलं असतील, याचा विचार रात्री झोपण्यापूर्वी करत चला.

आता तुमच्या फोल्डरमधली सगळ्यात घातक सूचना. ‘नमुना म्हणून तुम्ही तयार केलेले ड्राफ्ट जोडा.’ एका मुलानं जोडला. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाकडे इंटर्नशिप करताना टाइप केलेला नोटिशीचा जबाब, अशिलाचं नाव, पत्ता, पॅन नंबर, रक्कम, सगळं जसंच्या तसं. अशिलानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये, हा या व्यवसायाचा पाया आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये वकिलाबरोबरच त्याच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही हे बंधन आहे. ज्या मुलानं पहिल्याच वर्षी अशिलाचा कागद अनोळखी माणसाला मेल केला, त्याच्या हाती कुठली फर्म शंभर कोटींच्या व्यवहाराचे दस्तऐवज देईल? मी ती फाइल मिटली, त्याला फोन करून समजावलं आणि ज्या वकिलांचं ते काम होतं त्यांना सांगायला लावलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं ते तुम्हाला, कारण सल्ल्याचे पैसे तुम्ही घेतले होते.

शिवाय दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या सीव्हीत ‘ड्यू डिलिजन्स, कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्टिंग, लिटिगेशन स्ट्रॅटेजी’ अशी कौशल्यांची रांग तुम्ही लावून देता. ड्यू डिलिजन्समध्ये काय केलंस, असं विचारलं की त्याचा घसा कोरडा पडतो. ज्या व्यवसायात शब्दाला पैसे मिळतात, तिथं तुम्ही मुलांना पहिल्याच पानावर खोटं लिहायला लावता.

म्हणून, तुम्ही ज्याचे पैसे घेता ते मी इथं फुकट सांगते. तुमच्या ग्रुपवर खुशाल टाका.

आधी काम काय असतं ते कळू द्या. व्यापारी कायद्याच्या फर्ममध्ये इंटर्न कोर्टात उभा राहत नाही. एक कंपनी दुसरी विकत घेतेय म्हटलं की विकल्या जाणाऱ्या कंपनीचे शेकडो करार वाचावे लागतात. कुठल्या करारात मालकी बदलली की समोरच्याला करार मोडता येतो, कुठं बँकेची परवानगी लागते, कुठल्या दस्तावर मुद्रांक कमी भरलाय, संचालक मंडळाच्या इतिवृत्तावर सही आहे का, हे शोधून तक्त्यात भरायचं. करारात पान तीनवर केलेली व्याख्या पान साठवर तशीच वापरलीय का, हे बघायचं. काम कंटाळवाणं आहे. ज्याला त्यात रस वाटतो त्यानंच अर्ज करावा, आणि तो रस कशामुळे वाटतो ते लिहावं.

मग कुणाला लिहायचं ते ठरवा. कंपनी व्यवहार, बँकिंग, भांडवल बाजार, स्पर्धा कायदा, जमीनजुमला, दावे आणि लवाद, या टीम वेगवेगळ्या असतात. त्यांपैकी एक निवडा आणि का निवडली ते दोन वाक्यांत सांगा. त्या टीमनं अलीकडे केलेलं काम फर्मच्या वेबसाइटवर असतं. त्यातलं एक वाचा आणि त्यात तुम्हाला न कळलेली गोष्टही लिहिलीत तरी चालेल. नेमका प्रश्न विचारणारा इंटर्न आम्हाला हवा असतो.

पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात कोण, कुठल्या कॉलेजात, कितव्या वर्षाला, कोणत्या तारखांना मोकळे. दुसऱ्यात ही टीम का. तिसऱ्यात पुरावा: आपण केलेली एखादी गोष्ट, आपल्या शब्दांत. कॉलेजच्या कायदा सहाय्य केंद्रात बचत गटाचे कागद लावले असतील, वडिलांच्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब सांभाळले असतील, चेक न वटल्याची नोटीस ३० दिवसांत कशी द्यावी लागते हे एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे बसून शिकला असाल, तर ते लिहा. इंग्रजी साधं असू द्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं लिहिलेलं छोटं, बरोबर वाक्य मला तुमच्या अलंकारिक वाक्यापेक्षा शतपट आवडतं, कारण करारातही तसंच वाक्य लागतं.

गुण आहेत तसे लिहा. एखादा विषय राहिला असेल तर तोही. लपवलेला विषय गुणपत्रिका मागितली की बाहेर येतोच, आणि मग विषयापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं. लेखनाचा नमुना हवा असेल तर स्वतःचा जोडा: कॉलेजचा प्रकल्प, एखाद्या निकालावर दोन पानी टिपण. अशिलाचा कागद कधीही नाही, नाव खोडूनसुद्धा नाही.

तारखांचं भान ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि कोणत्याही वर्षी ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू नये असा दंडक आहे. मोठ्या फर्मचे मे-जून आणि डिसेंबर बरेच आधी भरतात. सुट्टी लागल्यावर अर्ज करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सुरुवात छोट्या फर्मपासून किंवा एखाद्या कंपनीच्या कायदा विभागापासून केली तर कमीपणा नाही. तिथं पहिल्याच आठवड्यात खरा कागद हातात येतो. आणि मुंबईत सॉलिसिटरकीची जुनी वाट अजून आहे: बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि त्यासाठीची आर्टिकलशिप. तुमच्या फोल्डरमध्ये तिचं नावही नाही, कारण ती वाट विकता येत नाही, चालावी लागते.

मुलाखतीला जाताना एक कायदा, एक निकाल आणि एक बातमी स्वतः वाचून जा. निकाल वाचलात तर तो अजून टिकून आहे का, ते त्या आठवड्यात तपासा. विचारलेलं माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पण अमुक ठिकाणी शोधेन’ म्हणा. आमच्याकडे हे उत्तर गुण कमी करत नाही.

यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, फर्म तरी कुठं धुतल्या तांदळाच्या आहेत? अर्जांना साधी पोच मिळत नाही, ओळखीचा पोरगा मागच्या दारानं आत येतो, महिनाभर राबवून हातावर प्रमाणपत्र टेकवतात. खरं आहे. गावाकडून आलेल्या मुलाला मुंबईत महिनाभर खोली घेऊन राहायला जे पैसे लागतात, त्यात घरचं कर्ज वाढतं, आणि त्याला जेवणापुरतंही मानधन न देणाऱ्या फर्म आहेत. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांसाठी शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपयांची शिफारस केली. इंटर्नच्या बाबतीतही फर्मनी स्वतःहून हात सैल करायला हवा, प्रत्येक अर्जाला उत्तर द्यायला हवं, आणि निवड कशी होते ते उघड सांगायला हवं. हे मी माझ्या कार्यालयातही बोलते आणि बोलत राहीन. पण दार अरुंद आहे म्हणून रांगेतल्या पोरांचे खिसे कापायचा परवाना तुम्हाला मिळत नाही. दार जितकं अरुंद, तितकं त्या एका पानाचं मोल जास्त, आणि तितकं तुमचं पाप मोठं.

या शहरात व्यापारी कायदा हा बड्या घरांचा मक्ता आहे, असं तुम्ही मुलांच्या मनावर बिंबवता, म्हणजे ते तुमच्याकडे बड्या घरचं सोंग विकत घ्यायला येतात. १९२५ ते १९२८ या काळात याच मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा कोण शिकवत होतं, माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सॉलिसिटरांच्या वर्तुळात ज्यांना ओळखदेख नव्हती, ते करार आणि व्यापाराचा कायदा शिकवून वकिलीतली ओढाताण निभावत होते. पुढे १९३५ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावावर खपवून ते तिथं पोचले नव्हते. तुमच्या गिऱ्हाइकांना हे सांगा. बघा, त्यातले किती जण तुमच्याकडे परत येतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ते फोल्डर आज काढून टाका. ज्यांना मे महिन्याचा निकाल वर्षअखेर विकलात आणि ज्यांना अशिलाचे कागद जोडायला सांगितलंत, त्यांचे पैसे परत करा. तुमच्या ग्रुपवर एक ओळ टाका की आजवरचे नमुने वापरू नका, आणि का वापरू नका याचं कारण सांगा. एवढं झाल्यावरही मुलांना मदत करायची हौस उरली, तर त्यांना लिहून देऊ नका. त्यांना विचारा: तुझ्या घरात पैसा कसा येतो, कुठं अडकतो, कुणाच्या सहीनं सुटतो? मुलगा बोलायला लागला की त्याच्या हातात पेन द्या आणि गप्प बसा. त्याचं इंग्रजी अडखळलं तर व्याकरण तेवढं तपासा. त्याचे पैसे घेतलेत तरी माझी हरकत नाही, कारण तेव्हा तुम्ही खरंच काहीतरी काम केलेलं असेल.

आणि तुमच्या ग्रुपवर जी मुलं हे पत्र वाचतील, त्यांना सांगते: अर्ज स्वतः लिहा. तो मला जमलेला वाटला नाही, तरी त्यात काय कमी आहे ते मी तुम्हाला सांगू शकते, कारण तो तुमचा असेल. दुसऱ्याच्या अर्जातल्या चुका तुम्हाला सांगून मला काहीच साधत नाही आणि तुम्हालाही नाही.

कळावे.

तुमचे नमुने वाचून थकलेली,
एक वकील, फोर्ट, मुंबई